प्लेट बनायच्या आदल्या रात्री येणारे बदल

या वेळचं पत्र नाशिकच्याच एका मैत्रिणीचं आहे. इंदिरानगर भागात राहते, वय तिशीच्या आसपास. पुण्यात एका एजन्सीत ग्राफिक डिझायनर होती, लग्न होऊन इकडे आली, मुलगी झाल्यावर घरूनच फ्रीलान्स कामं घ्यायला लागली. कामांची कमी नाही. मिठाईच्या एका दुकानाचे बॉक्स, पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष एक्सपोर्टरची लेबलं, लग्नपत्रिका, क्लासेसचे फ्लेक्स, सोशल मीडियाच्या पोस्ट असं बरंच काय काय ती करते. पण जवळजवळ प्रत्येक कामात ऐनवेळी बदल येतात. दिवाळीच्या बॉक्सचं डिझाइन ओके झालेलं होतं, फाइल सकाळी अंबडच्या प्रेसला छपाईची प्लेट बनवायला जाणार होती, आणि आदल्या रात्री साडेदहाला दुकानाच्या धाकट्या मालकाचा फोन आला की ताई, बाबांना रंग आवडला नाही आणि भाऊ म्हणतोय समोर दुकानाचा फोटो पाहिजे. तिने रात्री दोनपर्यंत बसून ते करून दिलं. सकाळी परत फोन, की आधीचंच बरं होतं. जादा पैसे मागता आले नाहीत कारण हा माणूस तिच्या वडिलांच्या मित्राचा मुलगा, आणि ठरलेल्या रकमेतलेही निम्मे अजून यायचेत. नवरा म्हणतो घरी बसूनच तर करायचं असतं, एवढं काय त्यात. ती विचारते, "लोकांना माझ्या कामाची किंमतच नाही का? नाही म्हटलं तर नाशिकसारख्या गावात नाव खराब होईल. सगळं सोडून परत नोकरी बघू का?"

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू मला ताई म्हटलंयस, तर मीही सरळ अगं-तुगं करते. माझी बरीच वर्षं प्रेसमध्ये प्रूफं तपासण्यात गेली, त्यामुळे तू लिहिलेली ती रात्र मला अगदी समोर दिसली. थकलेले डोळे, शेजारी झोपलेली मुलगी, आणि फोनवर आलेला दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज, ज्यात तिघं एकदम बोलतायत आणि मागे टीव्ही चालू आहे. तुला राग आला, रडू आलं, यात तुझं काही चुकलेलं नाही. आता तुझ्या प्रश्नांकडे येते, पण तू विचारलेल्या क्रमाने नाही येणार, कारण मला वाटतं पहिल्या प्रश्नातच थोडी गडबड आहे.

तू धरून चाललीयस की बदल येतात म्हणजे माणसाला तुझ्या कामाची किंमत नाही. काही जणांच्या बाबतीत हे खरं असेलही. पण तुझंच पत्र परत वाच. धाकट्या मालकाला डिझाइन आवडलं होतं, त्याने मनापासून ओके दिलं होतं. बदल सांगितला बाबांनी आणि भावाने, आणि त्या दोघांनी तो बॉक्स त्या रात्री पहिल्यांदाच पाहिला, तोही मोबाइलवर! आता आपल्याकडची दुकानं कशी चालतात ते तुला माहीतच आहे, व्हॉट्सॲपवर बोलतो मुलगा पण शेवटचा शब्द गल्ल्यावर बसणाऱ्या वडिलांचा असतो, आणि वडील कामाच्या रगाड्यात असल्यामुळे त्यांच्यापर्यंत ती गोष्ट तेव्हाच पोचते जेव्हा प्रेसवाल्याला ॲडव्हान्स द्यायची वेळ येते. म्हणजे तुझ्यासाठी जी शेवटची रात्र होती ती त्यांच्यासाठी पहिली होती. त्यांनी तुला कमी लेखलं असं मला यात दिसत नाही, मला दिसतं ते हे की ज्याला ठरवायचं होतं तो माणूस कामाच्या सुरुवातीला तुझ्यासमोर नव्हताच. आणि हे तुझ्या हातात आहे. लोकांच्या मनात तुझ्याबद्दल आदर आहे की नाही हे काही तुझ्या हातात नाही, पण डिझाइन कोणी, कधी आणि कसं बघायचं हे बऱ्यापैकी आहे.

म्हणून पहिलं काम हे, की कुठलंही काम घेताना पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं, "भाऊ, हे शेवटी कोण ओके करणार? त्यांना पहिल्या डिझाइनलाच दाखवू." यात कोणालाही वाईट वाटत नाही, उलट तू शहाणी आहेस हे कळतं. आणि बॉक्ससारखी वस्तू असेल तर ती मोबाइलवर ओके करूनच घेऊ नको. मोबाइलवर अर्धा किलोचा बॉक्स काड्यापेटीएवढा दिसतो, त्यात स्क्रीनचे रंग उजेडाचे, चमकणारे, आणि छपाई चार शाईंची. भगवा, मोरपिशी, पोपटी हे रंग स्क्रीनवर जेवढे उठतात तेवढे कागदावर येत नाहीत, आणि मग प्रेसमधून पहिला शीट आला की "अहो हा रंग मेला" असं सुरू होतं. त्यापेक्षा एक डमी कर. डिजिटल प्रिंटवाल्याकडून ३०० जीएसएमच्या जाड कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढ, कात्रीने काप, घड्या घाल, चिकटव, आणि दुकानात जाऊन त्यात त्यांचीच काजूकतली भरून तो बॉक्स काउंटरवर ठेव. डिजिटलचा रंग प्रेसमधल्या ऑफसेट छपाईच्या रंगाशी शंभर टक्के जुळत नाही हे सांगून ठेवायचं, पण त्यांना अंदाज येतो. मी प्रेसमध्ये असताना हे बघितलंय की माणसाच्या हातात वस्तू आली की तो वेगळंच बोलतो. बाबा म्हणतील झाकणावरचं नाव बाजूने दिसत नाही, बॉक्स एकावर एक रचले की नाव झाकलं जातं. हा खरा दुकानदाराचा मुद्दा आहे, तो तुला स्क्रीनवर कधी सुचला नसता, आणि तो तुला प्लेट बनायच्या पंधरा दिवस आधी कळतो. डमीचा खर्च शंभर-दोनशे रुपये असेल, तो कोटेशनमध्येच धरायचा.

आता दुसरी गोष्ट. तू सगळ्या बदलांना एकाच रागाने बघतेयस, आणि सगळ्यांना एकच उत्तर देतेयस, "हो, करते". माझ्या मते बदलांमध्ये फरक करायला हवा आणि तो फरक क्लायंटलाही सांगायला हवा. एक असते चूक. मिठाईच्या बॉक्सवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर असतो, त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला, किंवा नेट वजन चुकलं, शाकाहारीचा हिरवा ठिपका राहिला, तर ते रात्री बारा वाजता कळलं तरी दुरुस्त करायचंच. चूक कोणाची यावर वाद सकाळी घालता येतो. त्यात अडकलेले हजारो बॉक्स असतात आणि आपलं नावही. दुसरी असते नवीन माहिती, फोन नंबर बदलला, शाखा वाढली, पाहुणे बदलले, यात कोणाचा दोष नाही, पण वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे होतात. आणि तिसरा असतो नवीन विचार, म्हणजे आता वाटतंय की लाल नको मरून हवा. त्याला पूर्ण हक्क आहे असं वाटायचा, पण हे नवीन काम आहे, जुन्या कामाचं करेक्शन नाही. तुझी ती रात्र पूर्ण तिसऱ्या प्रकारात गेली, आणि तू ती पहिल्या प्रकारासारखी, धावतपळत, फुकट केलीस.

हे रात्रीच्या फोनवर समजावून सांगायला जाशील तर भांडण होईल, म्हणून आधी लिहून ठेवायचं. मोठा करारनामा, स्टॅम्प पेपर असलं काही नाही, लोक त्याला घाबरतात. डिझाइन ओके झालं की व्हॉट्सॲपवर असा एक मेसेज टाकायचा: "नमस्कार भाऊ, बॉक्सचं डिझाइन फायनल झालं, सोबत पीडीएफ आहे. कामात दोन वेळची करेक्शनं धरली होती ती झाली. परवा सकाळी १० वाजता फाइल प्रेसला जाईल. त्याआधी नाव, नंबर, वजन, पत्ता यात चूक दिसली तर कधीही सांगा, लगेच करून देईन, त्याचे पैसे नाहीत. रंग, फोटो, मांडणी बदलायची असेल तर तेही करू, पण एक दिवस जास्त लागेल आणि त्याचे १,५०० रुपये वेगळे होतील. घरात ज्यांना दाखवायचं असेल त्यांना आजच दाखवा आणि मला 'ओके' असं उत्तर पाठवा." आकडा तुझ्या कामाप्रमाणे ठरव, १,५०० मी नुसतं उदाहरण म्हणून लिहिलं. बघ, यात कुठेही नाही म्हटलेलं नाही. तुला जी भीती आहे ना, नाही म्हटलं तर लोक तुटतील, तर नाही म्हणायची वेळच फार कमी येते. हो म्हणायचं, पण वेळ आणि पैसे सांगून म्हणायचं, आणि बदल यायच्या आधी सांगून ठेवायचं. नंतर सांगितलं की तो दंड वाटतो, आधी सांगितलं की तो रेट असतो.

आणि असा मेसेज नुसताच शिष्टाचार नाही बरं का. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलम १०ए आहे, त्याप्रमाणे ईमेल किंवा मेसेजवर झालेला करार निव्वळ तो इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून रद्द धरता येत नाही. कोर्टात जायचं म्हणून नाही सांगत, तर "आपलं असं काही ठरलंच नव्हतं" हे वाक्य पुढे येऊ नये म्हणून. त्यामुळे व्हॉइस मेसेजवर कधी काम सुरू करायचं नाही. तो ऐकायचा, त्यातले बदल स्वतः ओळीने टाइप करायचे, "मला असं समजलं, बरोबर का?" म्हणून पाठवायचं, आणि उत्तर आलं की मगच फाइल उघडायची. यात दहा मिनिटं जातात पण गंमत अशी की लिहून पाठवलं की निम्मे बदल ते स्वतःच मागे घेतात, कारण तिघं एकदम बोलताना जे सोपं वाटतं ते लिहिलेलं वाचलं की एकमेकांच्या विरुद्ध आहे हे दिसतं.

थोडं तांत्रिक बोलते, कारण काही बदल आपण फाइल बनवतानाच स्वस्त करून ठेवू शकतो. जो मजकूर बदलायची शक्यता आहे, म्हणजे नंबर, पत्ता, वजन, तो शक्यतो फिक्या जागेवर निव्वळ काळ्या शाईत आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालच्या रंगावरच छापला जाईल असा, ठेवायचा. मग ऐनवेळी एक आकडा बदलला तर चारातली फक्त काळ्याची प्लेट नवीन करावी लागते. तोच आकडा गडद बॅकग्राउंडमधून पांढरा काढला असेल तर बॅकग्राउंडमध्ये जितक्या शाया आहेत तितक्या प्लेटा गेल्या. प्रेसला फाइल देताना आपण अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे त्यांचे नुसते आकार करतो, त्यामुळे तिथला ऑपरेटर एक वेलांटीसुद्धा टाइप करून बदलू शकत नाही, म्हणून अक्षरं असलेली मूळ फाइल तारीख टाकून वेगळी ठेव. आणि मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच, क्लायंट व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतो, तुझी फाइल श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, कन्व्हर्ट करताना रफार उडतो, जोडाक्षर तुटतं, ॲ चा चौकोन होतो, आणि रात्री दीड वाजता हे दिसत नाही. म्हणून मराठी मजकुरातला बदल रात्री करून सकाळी दुसऱ्या कोणीतरी वाचल्याशिवाय फाइल सोडायची नाही, क्लायंट कितीही घाईत असला तरी. हा नियम मी फार कडकपणे पाळायला सांगेन.

तुझ्या द्राक्षवाल्या क्लायंटचं मात्र मला वेगळं वाटतं. त्याच्यावर तू जरा अन्याय करतेयस. जानेवारी ते एप्रिल त्याचा सीझन, माल तोडायला आलेला, कंटेनर न्हावा शेवाला लावायची तारीख ठरलेली, आणि युरोपातला खरेदीदार ऐनवेळी कळवतो की लेबलवर अमुक भाषेत तमुक ओळ पाहिजे. तो बदल त्याच्याही हातात नाही. त्याला "दोन करेक्शनं झाली, आता पैसे" म्हणून उपयोग नाही, तिथे कामाची रचनाच बदलायला हवी. त्याच्याशी सीझनच्या बरंच आधी, त्याला जरा उसंत असते तेव्हा बस, आणि सांग की ५ किलोच्या कार्टनवर फक्त ब्रँड, चित्र आणि न बदलणारा मजकूर छापू, आणि जे खरेदीदारागणिक बदलतं ते सगळं लेबलवर घेऊ. ५०० ग्रॅमच्या पनेटचं, म्हणजे छोट्या डब्याचं, लेबलही तसंच, वरचा भाग कायम, खालची पट्टी मोकळी. त्या पट्टीचं टेम्प्लेट तू करून ठेव, बदल आला की वीस मिनिटांचं काम. आणि सीझनचे चार महिने या कामासाठी महिन्याची ठराविक रक्कम ठरवून घे, मग बदल आले तर आले, त्याचे पैसे मिळालेलेच आहेत. त्यालाही प्रत्येक बदलाचं बिल नको असतं, त्याला फोन उचलणारं माणूस हवं असतं, आणि त्यासाठी तो पैसे द्यायला सहसा कुरकुर करत नाही.

लग्नपत्रिकेचं तर विचारूच नको, तिथे बदल डिझाइनचा नसतोच, नात्यांचा असतो. कोणाचं नाव निमंत्रकात, कोणाचं विनीतमध्ये, कोणाच्या नावाआधी कै. लावायचं राहिलं, कोणत्या काकांचं नाव मामांच्या खाली गेलं, आणि यातून रुसवेफुगवे होऊन लग्नघर तुझ्यावर चिडतं. तिथे माझा एकच आग्रह, डिझाइन दाखवायच्या आधी नावांची यादी नुसत्या साध्या कागदावर प्रिंट काढून दे आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची त्यावर सही घे. सही मागितली की यादी दोन दिवस घरात फिरते, सगळे वाचतात, जी काय भांडणं व्हायची ती त्या कागदावर होऊन जातात. सही झाल्याशिवाय डिझाइनला हात लावायचा नाही.

आता ओळखीचं. वडिलांच्या मित्राचा मुलगा, कसं मागणार! भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत. ओळख आहे तर सवलत जरूर दे, पण ती पैशात दे आणि बिलावर दिसू दे: एवढे रुपये, त्यातून ओळखीची सूट एवढी. तू काय करतेस, पैसेही कमी घेतेस आणि रात्रीही देतेस, आणि त्या माणसाला कळतच नाही की त्याला काही सवलत मिळाली. त्याच्या लेखी बॉक्सचं डिझाइन असंच होतं, रात्री फोन करायचा, सकाळी फाइल हजर. त्याने तुला गृहीत धरलं असं आपण म्हणतो, पण एकदाही किंमत सांगितली नसेल तर दुसरं तो काय करणार?

नाव खराब होण्याच्या भीतीबद्दल, हे खरंय की नाशिक मोठं झालं तरी धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात, कॉलेज रोडचा माणूस रविवार कारंजाच्या माणसाला विचारून काम देतो. पण विचार कर ते एकमेकांना काय विचारतात. "वेळेत देते का? चुका होतात का?" एवढंच. "रात्री दोनला फोन उचलते का?" असं कोणी विचारत नाही. तू अटी लावल्यास की एखाद-दोन क्लायंट जातील, हे मी लपवत नाही, ते शेजारच्या स्वस्त डीटीपीवाल्याकडे जातील आणि काही जण तिथेच राहतील. ते जाऊ देत. ज्यांच्याकडून रात्रीचं फुकट काम सोडून बाकी फारसं काही येत नव्हतं ते गेल्याने तुझं खरंच किती नुकसान होतं ते कागदावर मांडून बघ. मागच्या सहा महिन्यांतली कामं घे, प्रत्येकासमोर मिळालेले पैसे आणि अंदाजे लागलेले तास लिही. मला वाटतं बघितल्यावर तुझं तुलाच कळेल कोणाला धरून ठेवायचं. आणि आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, बॅनर, माहितीपत्रकं, हॉटेलांचे मेन्यू, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या जाहिराती, सगळी कामं घाईचीच असणार, तेव्हा अटी लावायला जाशील तर उशीर होईल. ही सवय आधीच्या शांत महिन्यांत लावून घे, स्वतःला आणि क्लायंटलाही.

पैशांची पद्धतही बदल. अर्धे पैसे काम सुरू करताना, राहिलेले प्रेसची फाइल द्यायच्या आधी. ओके करायला जी पीडीएफ पाठवतेस ती कमी रिझोल्युशनची, वर 'नमुना' लिहिलेली असू दे, छपाईची फाइल पैसे आल्यावर. कोणी कोरल सॉफ्टवेअरची ओपन फाइल मागितली, म्हणजे पुढचे बदल प्रेसवाल्याकडून करून घेता येतील, तर द्यायला हरकत नाही पण त्याचे पैसे वेगळे, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं, तेव्हा फाइल देतेय की हक्कही देतेय हे स्पष्ट लिहायचं. शिवाय उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घे, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार-पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नको. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, द्यावंच लागतं, काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. त्यात १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही असं आलंय की अशी बिलं मुदतीत दिली नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी धरता येतो, त्यामुळे ज्यांच्याकडे सीए आहे ते उद्यम नंबर असलेलं बिल जरा लवकर काढतात. हे मिठाईवाल्याला धमकी म्हणून सांगू नको, तिथे ते शोभणार नाही. एक्सपोर्टरच्या बिलावर मात्र उद्यम नंबर छापलेला असू दे, बाकी त्याचा अकाउंटंट समजून घेईल.

नोकरीचं विचारलंस. नोकरी करावीशी वाटणं यात हार वगैरे काही नाही, दर महिन्याला ठरलेला पगार आणि घराबाहेरची माणसं ही मोठी गोष्ट आहे, आणि मुलगी शाळेत रुळली की तू तो विचार शांतपणे करू शकतेस. पण ऐनवेळच्या बदलांना कंटाळून नोकरी धरशील तर फसगत होईल. एजन्सीत बदल येत नव्हते का? येतच होते, फक्त क्लायंटचा फोन दुसरं कोणीतरी घ्यायचं, त्याच्याशी पैशांचं दुसरं कोणीतरी बोलायचं, आणि तुझ्यापर्यंत नुसतं काम यायचं. ते दुसरं माणूस आता तूच आहेस आणि त्या कामाचं तुला कोणी शिक्षण दिलेलं नाही, म्हणून जड जातंय. दोन सीझन वरच्या पद्धतीने करून बघ. तरीही जीव मेटाकुटीला येत असेल तर खुशाल नोकरी बघ, मी अडवणार नाही.

घरच्यांशीही एकदा नीट बोल, चिडून नाही, हिशोबाचा तो कागद समोर ठेवून. नवऱ्याला तुझं काम दिसतच नाही कारण ते तो झोपल्यावर होतं! त्याला सांग की दिवाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस आणि लग्नसराईतले अमुक दिवस मला रात्रीचं काम असणार, त्या दिवसांत मुलीला झोपवणं तुझ्याकडे. आणि बाकीचे दिवस रात्री साडेआठनंतर कामाचे मेसेज बघणं बंद. कामासाठी वेगळं सिम घे, व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा टाकता येतात आणि वेळेनंतर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं, त्यात लिही की छपाईतली चूक असेल तर फोन करा, बाकी सकाळी दहाला बोलू. पहिले काही दिवस तुलाच चैन पडणार नाही, सारखा फोन बघावासा वाटेल, ते जातं. तू लिहिलंयस की फोन वाजला की छातीत धडधडतं आणि झोप लागत नाही. हे बरेच दिवस चाललं असेल तर सवय म्हणून सोडून देऊ नको, डॉक्टरांना दाखव, आणि कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिलं ते दिवाळीचं अडकलेलं बिल. ते आता लांबवू नको. ठरलेली राहिलेली रक्कम लिही, आणि खाली वेगळ्या ओळीत लिही: छपाईच्या आदल्या रात्री केलेले बदल, नवीन रंग आणि फोटोची मांडणी, ३,००० रुपये, आणि त्याच्यासमोर "ओळखीची सूट, पूर्ण". म्हणजे मागायचे फक्त ठरलेलेच, पण त्या रात्रीची किंमत त्यांना पहिल्यांदा आकड्यात दिसू दे. फोनवर पाठवू नको, दुकानात गर्दी नसते तेव्हा, दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा, आणि धाकट्याच्या हातात न देता बाबांसमोर ठेव. पैसे घेऊन झाले की लगेच विचार, "काका, पुढच्या दिवाळीचा बॉक्स कधी सुरू करायचा? मी गणपतीच्या आधी डमी घेऊन येते, तुम्हीच बघा."

तुझी ताई